युरिया कमी केला तर भरूचचा पाला परत येईल का?

तुमची परिस्थिती थोडक्यात अशी. पादरा तालुक्यात दहा एकर काळी जमीन, कापूस आणि मध्ये तुरीच्या ओळी. शेत भागिया, म्हणजे पिकातला वाटा घेऊन राबणारा माणूस, कसतो. तो एकरी चार गोणी युरिया आणि एक गोणी डीएपी (नत्र आणि स्फुरद दोन्ही देणारं खत) टाकतो, कापूस एकरी दहा क्विंटलच्या आसपास उतरतो. तुम्ही बडोद्यात दांडिया बाजारात राहता, घर मासे खाणारं, आणि पावसाळ्यात भरूचहून येणारा पाला, म्हणजे हिलसा मासा, आता क्वचित दिसतो, दिसला तर परवडत नाही. मासळीवाला म्हणतो, शेतातल्या खतांनी खाडी मेली. मुलगी म्हणते, मग युरिया बंदच करा. भागिया म्हणतो, एक गोणी कमी केली तरी पीक बसेल. कुणाचं ऐकायचं, हा तुमचा प्रश्न.

माझं मत आधी सांगते, कारणं मागून येतील. युरिया बंद करू नका. एकरी एक गोणी मात्र याच हंगामात कमी करा, आणि माती तपासून जमलं तर डीएपीही थांबवा. पण पाला परत येईल या आशेवर हे करू नका, कारण पाल्याचं दुखणं मुख्यतः वेगळं आहे. खत कमी करण्याची खरी कारणं तुमच्या बोअरमध्ये, गावच्या तलावात आणि कापसावर बसणाऱ्या तुडतुड्यांत आहेत. समुद्र त्या साखळीच्या शेवटच्या टोकाला येतो.

सुरुवात नकाशापासून करू. पाला चढतो तो नर्मदेत. पादऱ्याचं पाणी नर्मदेत जातच नाही. तालुक्याच्या एका अंगाला मही आहे, दुसऱ्या अंगाला ढाढर. तुमच्या शेताच्या कडेने जाणारी कांस, म्हणजे पावसाचं पाणी वाहून नेणारा चर, या दोघींपैकी एकीला मिळते. ढाढर पुढे पिंगळवाड्याजवळ विश्वामित्रीला, म्हणजे आपल्या शहराच्या पाण्याला, पोटात घेते. मही, ढाढर आणि नर्मदा तिन्ही खंबातच्या आखातात उतरतात, त्यामुळे भरती-ओहोटीत सगळं मिसळतं हे खरं. पण भरूचच्या खाडीतला पाला आणि तुमच्या बांधावरची युरियाची गोणी यांच्यात सरळ दोरी नाही.

पाला समुद्रात वाढतो आणि पावसाळ्यात पुराच्या गोड्या पाण्याच्या ओढीने अंडी घालायला नदीत शिरतो. त्याला मुखाशी जोरदार गोडं पाणी लागतं, वर जायला मोकळी वाट लागते आणि अंडी घालेपर्यंत जिवंत राहायला मिळावं लागतं. समुद्रापासून सुमारे दीडशे किलोमीटरवर सरदार सरोवर उभं आहे, १३८.६८ मीटर उंचीचं. धरण पूर्ण झाल्यावर खाली वाहणाऱ्या पाण्याचं मान आणि वेळ दोन्ही बदललं, आणि कोरड्या महिन्यांत खारं पाणी भरूचपर्यंत चढू लागलं. गंगेवर १९७५ मध्ये फरक्का बंधारा सुरू झाल्यावर त्याच्या वरच्या अंगाचा हिलसा असाच आटला होता, आणि तिथे कुणी युरियाला दोष देत नाही. दुसरं कारण बोलायला अवघड आहे, पण मासे खाणाऱ्या घरात बोललंच पाहिजे: गाबोळी भरलेला पाला आपण जास्त पैसे मोजून घेतो. नदीत चढणारी प्रत्येक गाभण मादी जाळ्यात सर्वांत महाग असते. खत कितीही कमी केलं तरी या दोन गोष्टी तशाच राहतात.

मग खतांचा समुद्राशी काहीच संबंध नाही का? आहे, पण पाणी कसं आहे त्यावर तो कसा दिसेल हे ठरतं. नत्र (नायट्रोजन) आणि स्फुरद (फॉस्फरस) पाण्यात गेले की सूक्ष्म शेवाळ वाढतं. ते मेलं की तळाशी बसतं, कुजतं, आणि कुजताना पाण्यातला विरघळलेला प्राणवायू खातं. लिटरला दोन मिलिग्रॅमच्या खाली प्राणवायू गेला की मासे पळतात आणि तळाचे जीव मरतात. मिसिसिपी नदीच्या मुखाशी मेक्सिकोच्या आखातात दर उन्हाळ्यात हेच होतं. २०१७ साली तिथला प्राणवायूहीन पट्टा २२ हजार चौरस किलोमीटरांच्या वर गेला होता. मात्र खंबातचं आखात तसं नाही. इथे भरतीची उंची भावनगरच्या बाजूला दहा मीटरांवर जाते, पाणी दिवसातून दोनदा वरखाली घुसळून निघतं, आणि गाळ इतका असतो की प्रकाश फार खोल जात नाही. शेवाळाला खत मिळतं, पण ऊन मिळत नाही. म्हणून आखाताच्या आत शेवाळाचा उद्रेक आणि त्यामागून माशांचा खच असं सहसा घडत नाही. नत्र तिथे खर्ची न पडता पुढे, जिथे पाणी निवळतं तिथे सरकतं.

पुढचा अरबी समुद्र आधीच नाजूक आहे. त्याच्या मधल्या थरांत, साधारण दीडशे मीटरांपासून हजार मीटरांपर्यंत, प्राणवायू मुळातच अत्यंत कमी. पावसाळ्यात ते पाणी पश्चिम किनाऱ्याच्या उथळ पट्ट्यावर चढतं, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात गोवा-कर्नाटकच्या किनाऱ्यालगत तळाशी प्राणवायू जवळपास संपतो. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २००० साली हे मांडलं, आणि किनाऱ्यावरून येणाऱ्या नत्राने ही नैसर्गिक अवस्था तीव्र होत असावी असा इशारा दिला. मूळ कारण समुद्राचंच आहे, आपण त्यात भर घालतो.

या विषयात दोन उदाहरणं मी नेहमी शेजारी शेजारी ठेवते, कारण एकच पाहिलं तर दिशाभूल होते. नाईलवर अस्वानचं मोठं धरण झालं आणि १९६५ नंतर पूर थांबला. पुराबरोबर समुद्रात जाणारं पोषण तुटलं, आणि मुखाशी वर्षाला अठरा हजार टनांच्या घरात असलेली सार्डिनची पकड काही शे टनांवर आली. ऐंशीच्या दशकापासून मासेमारी पुन्हा वाढली. त्याचं मोठं श्रेय इजिप्तच्या शेतांतून आणि शहरांतून वाहून आलेल्या नत्र-स्फुरदाला अभ्यासक देतात. म्हणजे थोडं खत समुद्राला मानवतंही. दुसरं उदाहरण काळ्या समुद्राचं. डॅन्यूबमधून येणाऱ्या खतांनी सत्तर-ऐंशीच्या दशकांत त्याचा वायव्येचा उथळ पट्टा दर उन्हाळ्यात गुदमरायचा. १९९० नंतर पूर्व युरोपातली अनुदानं कोसळली, खताचा वापर निम्म्याहून खाली आला, आणि काही वर्षांतच तो पट्टा आक्रसला. खत घटवल्याने पाणी सुधारतं याचा इतका ठसठशीत पुरावा दुसरीकडे क्वचितच मिळेल.

धरण आणि खत यांचा एक दुवा सहसा कुणी सांगत नाही. नदी गाळाबरोबर सिलिकाही आणते. डायटम नावाच्या सूक्ष्म वनस्पतींना कवचासाठी ती नत्राइतकीच लागते, आणि माशांच्या पिलांचं बरंचसं अन्न डायटमवर पोसलेलं असतं. धरणाच्या जलाशयात सिलिका अडकते, खालच्या शेतांतून नत्र मात्र वाढतं. मग मुखाशी डायटमऐवजी इतर शेवाळं जोर धरतात, आणि त्यांतली बरीच माशांच्या कामाची नसतात. म्हणून धरणामुळे की खतामुळे असा वाद घालून पुरतं उत्तर हाती लागत नाही.

आता तुमच्या शेताकडे येऊ. इथे नेमके आकडे मांडता येतात.

युरियाची गोणी ४५ किलोची, त्यात ४६ टक्के नत्र, म्हणजे गोणीला २०.७ किलो. चार गोण्यांचं झालं ८३ किलो. डीएपीच्या ५० किलोंत १८ टक्के म्हणजे ९ किलो. एकूण एकरी ९२ किलो नत्र जमिनीत गेलं. बाहेर किती आलं? एक क्विंटल कापसाबरोबर, म्हणजे मुख्यतः सरकीबरोबर, सव्वादोन-अडीच किलो नत्र जातं. दहा क्विंटलला २३ किलो धरा. पऱ्हाट्या उपटून जळणाला नेल्या तर आणखी बारा. मिळून ३५. एकरी ५७ किलो नत्राचा हिशेब लागत नाही. त्यातलं काही मातीच्या सेंद्रिय भागात मुरतं, काही वायू होऊन उडतं, काही पाण्याबरोबर निघतं.

आता एक गोणी युरिया आणि डीएपी कमी करून पाहा. जमिनीत गेलं ६२, बाहेर आलं तेच ३५, शिल्लक २७. खत तिसऱ्या हिश्श्याने घटलं आणि शिल्लक निम्म्याहून कमी झाली. हा हिशेब मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पाण्याला त्रास देतं ते शिल्लक राहिलेलं खत, आणि शेवटच्या गोणीतलं बहुतेक सगळं शिल्लकच राहतं. पिकाची पहिली भूक पहिल्या दोन गोण्यांनी भागते, तिसरी थोडी भर घालते, आणि चौथी घातली जाते ती भीतीपोटी.

ती भीती मात्र खोटी नाही, आणि भागियाला वेडा ठरवू नका. युरियाची गोणी पडते २६६ रुपये ५० पैशांना. कापसाचा मध्यम धाग्याचा हमीभाव २०२४-२५ साली ७,१२१ रुपये क्विंटल होता. एक गोणी वाचवायची आणि क्विंटलभर कापूस गमवायची शक्यता पत्करायची, हा सौदा कुठलाही अर्धेलीचा माणूस नाकारेल. गोणी हा त्याचा विमा आहे. म्हणून त्याला समुद्राबद्दल सांगून उपयोग नाही, युरियाच्या पैशांची बचत सांगूनही नाही. त्याला दोन गोष्टी पटतात. एक, जास्त नत्राने कापूस माजतो, पानं गर्द आणि लुसलुशीत होतात, आणि त्यावर तुडतुडे, मावा, पांढरी माशी तुटून पडतात. एक फवारणी औषध-मजुरीसकट गोणीपेक्षा कितीतरी महाग जाते. दोन, त्याच्याच शेतात त्याच्याच डोळ्यांदेखत केलेली तुलना.

ती तुलना अशी करा. अख्ख्या एकराचा प्रयोग करू नका, कारण काळ्या जमिनीतही शेताचा एक कोपरा नेहमी दुसऱ्यापेक्षा बरा असतो. सहा-सहा ओळींचे पट्टे आखा: एका पट्ट्याला चार गोण्यांचा हिशेब, शेजारच्याला तीन. अशी जोडी शेतात तीन वेगवेगळ्या जागी ठेवा. पट्ट्याच्या कडेची एकेक ओळ सोडून मधल्या चार ओळींचाच कापूस प्रत्येक वेचणीला वेगळा मोजा, कारण कडेची मुळं शेजारचं खत खातात. भागियाला आधी लिहून द्या की तीन गोण्यांच्या पट्ट्यात घट आली तर ती तुमच्या वाट्यातून वजा होईल. हे केल्याशिवाय तो मनापासून प्रयोग करणार नाही, रात्री त्या पट्ट्यात मूठ-मूठ युरिया टाकून येईल. दोन हंगाम पाहा, कारण एखाद्या वर्षी पाऊसच सगळं ठरवतो.

तीन गोण्या द्यायच्या कशा, हे किती द्यायच्या याच्याइतकंच महत्त्वाचं. युरिया ओल्या जमिनीत पडला की आपल्या उन्हाळी तापमानात दोन-चार दिवसांत अमोनियात बदलतो. आपली माती चुनखडीयुक्त, सामू (पीएच) आठच्या आसपास. अशा मातीवर फोकून दिलेला आणि पाणी न मिळालेला युरिया चांगल्यापैकी हवेत उडतो. एक-दोन आठवड्यांत उरलेल्या अमोनियाचं नायट्रेट होतं, आणि नायट्रेटला मातीचे कण धरून ठेवत नाहीत. ते पाण्याबरोबर जातं तिकडे जातं.

पहिल्या मोठ्या पावसात शेताच्या खालच्या टोकाला उभं राहून पाहिलं तर हे सगळं समजतं. उन्हाळ्यात भेगाळलेली काळी जमीन सुरुवातीचं पाणी भेगांतून थेट खाली ओढते. तेवढ्या काळात वरचं नायट्रेट मुळांना न भेटताच फूटभर खाली गेलेलं असतं. मग भेगा फुगून बंद होतात, जमीन पाणी घेईनाशी होते आणि सऱ्यांतून तपकिरी पाणी वाहू लागतं. त्या पाण्याचा रंग म्हणजे तुमचा स्फुरद: तो मातीच्या कणांना चिकटून जातो. बांध जिथे खचलेला असतो तिथून ते कांसेत पडतं, आणि ज्या शेतात दोन दिवसांपूर्वी युरिया फोकलेला असतो त्याच्या तोंडाशी पंधरवड्यात कांसेचं पाणी हिरवं होतं. जे शेत पाणी धरून बसतं तिथे वेगळंच होतं: हवा न मिळालेल्या मातीतले जिवाणू नायट्रेटचा वायू करतात, आणि त्यातला थोडा भाग नायट्रस ऑक्साइड असतो. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कर्बवायूच्या सुमारे २७३ पट तापवणारा आहे.

म्हणून पेरणीला युरिया देऊच नका, शेणखत पुरे. एकरी एक गोणी तिसाव्या-पस्तिसाव्या दिवशी, पाते लागण्याच्या सुमाराला. दुसरी साठाव्या दिवसाच्या आसपास, तिसरी ऐंशी-पंच्याऐंशीव्या दिवशी बोंडं भरताना. शंभराव्या दिवसानंतर दिलेला युरिया पानं हिरवी ठेवतो, पण कापूस वाढवत नाही. प्रत्येक वेळी वापशावर द्या, झाडापासून चार बोटं लांब आणि दोन-तीन इंच खोल, आणि मातीने झाका. जोराच्या पावसाचा अंदाज असेल तर चार दिवस थांबा. उशीर झाला तर पिकाचं फारसं बिघडत नाही, वाहून गेलं तर मात्र पुन्हा द्यावं लागतं. तुरीच्या ओळींना युरिया नको. तूर स्वतःचं नत्र मुळांवरच्या गाठींतून मिळवते, आणि आयतं मिळालं की गाठी करणं कमी करते. आंतरपिकात सरसकट फोकण्याचा हा मोठा तोटा आहे, एकरातला काही भाग खत निव्वळ फुकट जातं.

ठिबक असेल तर तेवढंच खत आठ-दहा हप्त्यांत द्या. पण ठिबकने आपोआप गळती थांबते असं समजू नका. खत सुरुवातीला सोडून मग तीन तास पाणी चालू ठेवलं तर ते मुळांच्या खाली ढकललं जातं. आधी नुसतं पाणी, मधल्या काळात खत, शेवटी नळ्या धुण्यापुरतं पंधरा-वीस मिनिटं पाणी, हा क्रम पाळा. सरीने पाणी देत असाल तर पाणी सरीच्या पाऊण लांबीपर्यंत पोचलं की बारं मोडा, उरलेली ओल आपोआप पुढे सरकते. सरीच्या शेवटाला साचणारं पाणी कांसेत जायला तयारच असतं.

नत्राचा एक साठा बहुतेक जण मोजतच नाहीत, तो म्हणजे बोअरचं पाणी. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची भारतीय मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. समजा तुमच्या बोअरमध्ये नेमकं एवढंच आहे. एकराला सहा सेंटिमीटरांचं एक पाणी म्हणजे साधारण २४० घनमीटर, आणि त्याबरोबर अडीच किलो नत्र. पाच पाण्यांत साडेबारा किलो, म्हणजे अर्ध्या गोणीहून जास्त. नायट्रेट नव्वद निघालं तर सव्वा गोणी नुसत्या पाण्यातून मिळते. मत्स्यालयाच्या दुकानात नायट्रेट मोजायच्या पट्ट्या किंवा छोटा संच मिळतो, तो आणा. आकडा नायट्रेटचा आहे की नायट्रेटमधल्या नत्राचा हे डब्यावर पाहून घ्या, दोहोंत साडेचार पटींचा फरक असतो. बोअर एकदा, आणि कांस पहिल्या मोठ्या पावसानंतर व प्रत्येक खताच्या हप्त्यानंतर तपासा. त्या बोअरचं पाणी कुणी पीत असेल, विशेषतः तान्ह्या बाळाच्या दुधासाठी वापरत असेल, तर पंचेचाळीसच्या वरचा आकडा दिसताच ते थांबवा. उकळून नायट्रेट जात नाही, उलट दाट होतं.

डीएपीचा निर्णय मातीच्या तपासणीवर ठरेल. एक गोणी डीएपीत २३ किलो स्फुरद असतो, दहा क्विंटल कापूस नेतो दहा-बारा किलो. दरवर्षीची उरलेली भर मातीत साठत जाते. मृदा आरोग्य पत्रिकेत उपलब्ध स्फुरद फॉस्फेटच्या रूपात हेक्टरी ५६ किलोंच्या वर असेल तर दोन वर्षं डीएपी थांबवून पुन्हा तपासा. मध्यम असेल तर एकरी एक गोणी सिंगल सुपर फॉस्फेट द्या, त्यातून गंधकही मिळतं. कमी असेल तर हा सल्ला तुम्हाला लागू नाही, स्फुरद द्या, पण पेरून द्या, फोकू नका.

खालच्या बांधालगत दोन मीटर रुंद गवताचा पट्टा सोडा. दहा एकरांच्या शेताची एक बाजू सुमारे दोनशे मीटर धरली तर पट्ट्यात एकराचा दहावा हिस्सा जातो, एकूण जमिनीच्या एक टक्का. मारवेल लावलंत तर जनावरांना चाराही होतो. पट्टा गाळ अडवतो, म्हणजे स्फुरद अडवतो. नायट्रेट मात्र त्याच्या खालून निघून जातं, त्याला उपाय वेळेवर आणि मोजून देणं हाच. उकिरडा कांसेच्या काठावर असेल तर पावसाळ्यापूर्वी हलवा. शेणखतातलं नत्रही पाण्यात गेलं की तेच काम करतं.

यावरून मुलीच्या म्हणण्याकडे वळते. तिची तळमळ योग्य आहे, पण रासायनिक खत एका फटक्यात बंद करण्याचा प्रयोग श्रीलंकेने २०२१ मध्ये देशभर केला. काही महिन्यांतच सरकारला माघार घ्यावी लागली, आणि भाताचं उत्पादन कोसळलं. एकरी ६० किलो नत्र शेणखतातून द्यायचं तर अर्ध्या टक्क्याच्या हिशेबाने बारा टन लागतं, आणि त्यातला जेमतेम तिसरा हिस्सा पहिल्या वर्षी पिकाला मिळतो. एवढं शेणखत दहा एकरांसाठी तुमच्या गावात आहे का, हे तिनेच विचारून पाहावं. चार-पाच टन मिळालं तर आनंदाने घाला आणि त्याच्या बदल्यात युरियाची अर्धी गोणी आणखी कमी करा, हे जमण्यासारखं आहे. कुणी बाटलीतल्या द्रवरूप नत्राचा उपाय सुचवला तर आधी वजन काढा. चार टक्क्यांच्या अर्ध्या लिटर बाटलीत २० ग्रॅम नत्र असतं, गोणीत २० किलो. फवारणीने थोडा हिरवेपणा येईल, पण ती गोणीची जागा घेऊ शकत नाही.

खताचा परिणाम जिथे खरोखर डोळ्यांना दिसतो ती जागा समुद्र नसून गावचा तलाव आहे. ऑगस्ट-सप्टेंबरात आभाळ दोन दिवस भरलेलं असेल तेव्हा पहाटे तलावावर जा. दिवसा हिरव्या शेवाळाने सोडलेला प्राणवायू रात्री तेच शेवाळ परत घेतं, आणि सूर्योदयाआधी पाण्यात सर्वांत कमी उरतो. रोहू-कटला तोंड पाण्याबाहेर काढून एकसारखे हवा गिळताना दिसतात. ऊन चढलं की खाली जातात, आणि ज्या दिवशी ऊन चढत नाही त्या दिवशी उलटे तरंगतात. तलाव ठेक्याने घेणाऱ्याचं वर्षाचं उत्पन्न एका पहाटे जातं, आणि त्याला बहुधा वाटतं कुणीतरी विष टाकलं. हे नुकसान तुमच्या गावात, ओळखीच्या माणसाचं असतं, आणि वरच्या शेतांनी ठरवलं तर दोन-तीन हंगामांत कमी होतं.

समुद्राच्या वाट्याबद्दल बोलताना शहराला मोकळं सोडता येत नाही. माणसाच्या मलमूत्रातून वर्षाला साधारण चार किलो नत्र जातं. २०११ च्या जनगणनेत बडोदे शहर सुमारे १७ लाखांचं होतं, म्हणजे तेव्हाच्या लोकसंख्येवरही वर्षाला ६,८०० टन. शुद्धीकरण केंद्रात त्यातलं काही कमी होतं, पण साधी केंद्रं मुख्यतः सेंद्रिय घाण काढतात, नत्राचा बराच भाग पुढे विश्वामित्रीतून ढाढरेत जातो. तुमच्या दहा एकरांची शिल्लक ५७० किलो, त्यातली पाव पाण्यात गेली असं धरलं तर १४० किलो, म्हणजे पस्तीस माणसांइतकी. एक वाडा दांडिया बाजारातला. उद्योगांचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी नेणारा सुमारे ५५ किलोमीटरांचा कालवा १९८३ पासून पादरा-जंबुसरच्या बाजूने थेट आखाताकडे जातो, त्याचा हिशेब आणखी निराळा. म्हणून मासळीवाल्याने एकट्या शेतकऱ्याकडे बोट दाखवणं न्यायाचं नाही. पण अशी एक हजार शेतं म्हणजे पस्तीस हजारांचं गाव, ज्याला गटार नाही आणि शुद्धीकरण केंद्रही नाही, हेही तितकंच खरं.

निकाल लगेच दिसेल असं समजू नका. कांसेचं पाणी एका हंगामात सुधारतं, तलावाला दोन-तीन वर्षं लागतात, बोअरला कितीतरी जास्त, कारण गेल्या वीस वर्षांचं नायट्रेट अजून खाली झिरपतंय. आणि तीन गोण्यांवरून दोनवर उतरायचं का, हे आत्ता मी सांगणार नाही. तिथे खरी देवाणघेवाण सुरू होते: काही जमिनींत दोन गोण्यांवर उतारा टिकतो, काहींत क्विंटलभर घटतो. ज्यांत घटतो तिथे ती घट एकट्या शेतकऱ्याने सोसावी असं मला वाटत नाही. स्वच्छ पाणी सगळ्यांना हवं असेल तर त्याची भरपाईही सगळ्यांकडून यायला हवी.

पट्टे आखण्यापूर्वी चार गोष्टी कळवा: मृदा आरोग्य पत्रिकेतले सेंद्रिय कर्ब आणि स्फुरदाचे आकडे, बोअरचं नायट्रेट, शेतात पाणी सरीने जातं की ठिबकने, आणि तुमची कांस महीकडे उतरते की ढाढरेकडे. तेवढं मिळालं की तिसरी गोणी ठेवायची की अर्धी करायची, हे एकरागणिक सांगता येईल.